दुसऱ्यांच्या पायांचा हेवा

मलासन

पार्ल्यात एका सोसायटीच्या हॉलमध्ये मी सकाळचा योगवर्ग घ्यायचे. त्या दिवशी मलासन चाललं होतं. उकिडवं बसायचं, टाचा जमिनीला टेकलेल्या, हात छातीशी जोडलेले, पाठ ताठ. थोडा वेळ थांबून मी ‘उठा’ म्हणायचे आणि सगळ्यांच्या आधी स्वतः उठायचे, अशी पद्धत. त्या दिवशी मी उठायला गेले आणि काहीच झालं नाही. दुखलं नाही, गोळा आला नाही. पायांपर्यंत निरोपच पोचला नाही.

समोरचे सगळे माझ्याकडे बघत तसेच बसून राहिले. मॅडम आज परीक्षा बघतायत, असं त्यांना वाटलं. शेवटी मागच्या रांगेतले एक आजोबा काकुळतीने म्हणाले, “मॅडम, आमचे गुडघे गेले हो.” हॉलभर हशा पिकला. मीही हसले, त्यांना उठायला सांगितलं आणि स्वतः हात टेकून चटईवर कलंडले.

माझ्या शेजारी दर्शना बसली होती. वेसाव्याची कोळ्यांची मुलगी, शाळेत असल्यापासून माझ्या हाताखाली पोहायला शिकलेली, आता माझी मदतनीस. तिच्या लक्षात आलं की काहीतरी बिनसलंय. ती उठली. एका दमात, हात न टेकता, पाण्यातून वर यावं तशी. तिने पुढचं आसन सुरू केलं आणि मी भिंतीला टेकून तिच्याकडे बघत राहिले. तोपर्यंत मला भीतीसुद्धा वाटली नव्हती. त्याआधी वाटला तो हेवा. त्यानंतर जवळजवळ वर्षभर तो माझ्यासोबत राहिला, म्हणून हे लिहिताना मी त्याला वगळणार नाही. आजारपणावर लिहिणारी माणसं धीराबद्दल लिहितात. माझ्याकडे धीर बेताचा होता, हेवा मात्र भरपूर होता.

माझं नाव वृषाली. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर आम्ही जोगेश्वरीला आलो आणि तिथलेच झालो. मी कॉलेजात असताना पोहायला लागले, मग सायकल आली, मग धावणं, आणि तिन्ही एकापाठोपाठ करायची शर्यत असते हे कळल्यावर मला दुसरं काही सुचेना. बरीच वर्षं ट्रायथलॉन केली. गुडघ्याने साथ सोडल्यावर शर्यती थांबवल्या आणि शिकवायला लागले. शनिवारी आरे कॉलनीच्या रस्त्यावर धावणं आणि सायकल, इतर दिवशी अंधेरीला तलावावर पोहणं, आणि पार्ल्याला योग. योग मी आधी स्वतःचं आखडलेलं अंग सोडवायला शिकले. पुढे तेच अर्धं काम होऊन बसलं. लोक माझ्याकडे दम कसा टिकवायचा ते शिकायला यायचे.

मलासनाच्या आधी खुणा दिसत होत्या. मध्यंतरी पोट बिघडून बरं झालं होतं. मग पायांना जाड मोजे घातल्यासारखं वाटायला लागलं. नव्या बुटांना शिव्या घातल्या. आरेतल्या चढावर पाय भरून आले तेव्हा बॅचला म्हटलं, उकाडा फार आहे. शरीर वाचायला शिकवणारी बाई मी, आणि स्वतःचं वाचलं नाही.


हातोडी

माझा नवरा संदीप बँकेत आहे. तो कामावरून धावत आला, हॉलच्या वॉचमनच्या मदतीने मला उचलून रिक्षात घातलं आणि अंधेरीतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. नसांचे डॉक्टर माझ्याच वयाचे होते. त्यांनी गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली. पाय उडाला नाही. दुसऱ्या पायावर मारली. तोही गप्प. मी त्या पायांकडे बघत होते, बॅचमधला एखादा ऐन वेळी दगा देतो तेव्हा बघते तशी.

मग त्यांनी मला खोल श्वास घेऊन एका दमात जमेल तितके आकडे मोजायला सांगितलं. मला हसू आलं. प्राणायाम शिकवते मी. मोजायला लागले आणि पन्नासच्या बऱ्याच आधी श्वास संपला. माझं हसूही तिथेच संपलं.

पाठीतून पाणी काढलं, नसांना विजेचे छोटे झटके देऊन तपासलं, आणि संध्याकाळी डॉक्टर खुर्ची ओढून बसले. उभ्याने बोलले नाहीत, यावरूनच मी काय ते समजले.

“याला जीबीएस म्हणतात,” ते म्हणाले. “शरीर जंतूंशी लढता लढता स्वतःच्याच नसांवर उलटतं. बहुतेक माणसं यातून उठतात. पण उठायच्या आधी आणखी खाली जातात. तुम्ही अजून खाली जाणार आहात, हे आत्ताच सांगून ठेवतो.”

किती दिवस, असं मी विचारलं. ते नसा ठरवतील, असं ते म्हणाले. माझं सगळं आयुष्य घड्याळावर गेलेलं. घड्याळ नसलेली शर्यत मला ठाऊकच नव्हती.

संदीपने विचारलं, आज घरी नेलं आणि उद्या आणलं तर चालेल का. डॉक्टरांनी नुसती नकारार्थी मान हलवली. तेव्हा तो बाहेर गेला आणि बराच वेळ आत आला नाही. आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं.


आयसीयू

डॉक्टर म्हणाले तसंच झालं. पाय गेले, मग कंबर, मग हात. मग चेहरा. हसायला गेले तरी ओठ हलेनात. डोळे पूर्ण मिटेनात, म्हणून झोपताना नर्स पापण्यांवर चिकटपट्टी लावायची. आतून मात्र मी लख्ख जागी. कान उघडे, डोकं शाबूत, आणि पायांत अशा कळा की चादरीचा स्पर्शही नको व्हावा.

दर थोड्या वेळाने कोणीतरी येऊन मला एका श्वासात मोजायला लावायचं. शेजारी श्वास देणारं यंत्र आणून ठेवलं होतं. आकडा फार खाली आला की ते लावणार, हे मला माहीत होतं. प्रत्येक वेळी आकडा आधीपेक्षा कमी यायचा. मी शर्यतीत कधी इतक्या जिवाच्या आकांताने लढले नाही, जितकी त्या आकड्यांशी लढले. एक दिवस आकडा तिथेच थांबला. दुसऱ्या दिवशीही तेवढाच. यंत्र शेजारीच राहिलं. तो पहिला विजय.

पण दिवसभर मी करत काय होते, तर जळत होते. सफाईवाल्या मावशी एका पायावर भार देऊन, दुसऱ्या पायाने पिंढरी खाजवत चहा प्यायच्या. त्या पायाचा मला हेवा वाटायचा. वॉर्डबॉय जांभई द्यायचा, त्या जांभईचा वाटायचा. भेटायला आलेली माणसं माझ्यासमोर उगाचच उभी राहायची, बसायची, पुन्हा उठायची, इतकी उधळपट्टी करायची की मला ओरडावंसं वाटे. ओरडण्याइतका आवाज नव्हता.

चांगलंही घडत होतं. एक मल्याळी नर्स होती. तिला न सांगता कळायचं की माझ्या नाकाला खाज सुटलीय. ती येता जाता बोटाने नाक खाजवून जायची. आणि माझी आई रोज येऊन माझे केस विंचरायची. सत्तरी ओलांडलेली बाई, पण बस बदलत यायची. डोकं एवढीच जागा अशी होती जिथे हात लावला तर मला दुखत नव्हतं.


हंसाबेन

मला वॉर्डात हलवलं तेव्हा शेजारच्या खाटेवर हंसाबेन होत्या. घाटकोपरच्या, साठीच्या, अंगाने भरलेल्या. त्यांनाही हाच आजार, माझ्या थोडा आधी झालेला. त्यांनी हसत सांगितलं की जन्मात कधी व्यायाम केला नाही. देरासरापर्यंत, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरापर्यंत, चालत जायचं आणि रिक्षाने परत यायचं.

आमची फिजिओथेरपिस्ट अनघा रोज दोघींकडे यायची. पायाचा अंगठा हलवा, असं सांगायची आणि आम्ही दोघी आपापल्या अंगठ्याकडे टक लावून बसायचो. मनात मी हिशेब मांडला होता. माझे स्नायू कमावलेले, हृदय कमावलेलं. अंगठा हलायचा तर माझाच आधी हलणार.

हंसाबेनचा हलला. किंचितच, पण हलला. अनघाने टाळ्या वाजवल्या, नर्सेस जमल्या, समोरच्या खाटेवरच्या आजींनी देवाला हात जोडले. हंसाबेन रडत होत्या आणि हसत होत्या.

मला ते बघवेना. पण मान फिरवायलाही मला कोणीतरी लागायचं. मी नर्सला बोलावलं आणि म्हटलं, “मला भिंतीकडे वळवा.” तिला वाटलं कूस बदलायचीय. तिने नीट उशी लावून मला वळवलं, पाठीवर हात फिरवला आणि गेली. आपला मत्सरही मला दुसऱ्याच्या मदतीने करावा लागत होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना मी विचारलंच. एवढी वर्षं कमावलेलं शरीर, त्याचा काहीच फायदा नाही का? त्यांनी समजावलं की स्नायू आणि हृदय पुढे मदत करतील. पण कुठली नस कधी जागी होईल, हे कोणाच्या मेहनतीवर नसतं. मला ते अन्यायाचं वाटलं. अजूनही थोडं वाटतं.

हंसाबेन पुढे पुढे जात राहिल्या. बसल्या, उभ्या राहिल्या, वॉकर धरून दारापर्यंत गेल्या. प्रत्येक टप्प्यावर मला म्हणायच्या, वृषालीबेन, तुम्ही तर रनर, तुम्ही मला कधीपण पाठी टाकणार. त्यांच्या मनात खोट नव्हती. माझ्या मनात होती.

घरी निघाल्या त्या दिवशी त्या वॉकर सरकवत माझ्या खाटेपाशी आल्या. मी शुभेच्छा देण्याचं तोंड करत होते. ओठ एव्हाना हसण्याइतके हलायला लागले होते. त्या खाटेच्या कडेवर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, “एक सांगू? तुमची आई रोज येऊन तुमचे केस विंचरते. मी बघायची. मला एवढा जळफळाट व्हायचा ना. माझे मुलगे दोघे बाहेर. फोन रोज येतो. पण फोनला हात कुठे असतात?”

त्यांना न्यायला भाचा आला होता. ते गेल्यावर मी रिकाम्या खाटेकडे बघत पडून राहिले. एवढे दिवस ती बाई माझ्याकडे बघून जळत होती, आणि मला वाटत होतं जळण्याचा मक्ता माझाच आहे. खोटं सांगत नाही, मला जरा बरं वाटलं.


घरी

अंगठा माझाही हलला, पुढे बसायला जमलं, आणि व्हीलचेअरवरून मी जोगेश्वरीला घरी आले. लोकांना वाटतं घरी आलं की निम्मं दुखणं संपलं. हॉस्पिटलात निदान आजूबाजूला आजारी माणसं असतात. घरात सगळे धडधाकट.

आई आमच्याकडे राहायला आली होती. एका सकाळी ती उकिडवी बसून लादी पुसत होती. मी खुर्चीतून बघत होते. ती तशीच सरकत सरकत कोपऱ्यापर्यंत गेली, फडकं पिळलं आणि गुडघ्यावर हातही न ठेवता उठली. तेच मलासन, जे मी लोकांना शिकवायचे आणि तिला कोणी कधी शिकवलं नव्हतं.

“असां काय बघतंस गो माझ्याकडे?” तिने तिच्या मालवणीत विचारलं.

“तुझे पाय मला दे,” मी म्हटलं. थट्टेत म्हणायला गेले, पण आवाज तसा निघाला नाही.

तिने ते थट्टेवारी नेलं नाही. फडकं बादलीच्या काठावर ठेवून माझ्यासमोर उभी राहिली. “घे गो,” म्हणाली. “माका आता खंय जावचां आसा?”

मी रडले. तिने पदराने माझं तोंड पुसलं आणि पुन्हा लादी पुसायला बसली, कारण अर्धी राहिली होती.

संदीपचं वेगळं झालं. लग्नानंतर मी वर्षानुवर्षं त्याच्या मागे लागले होते की रोज चालायला जा. तो कधी गेला नाही. माझ्या शर्यतींना यायचा, माझी बॅग सांभाळत खुर्चीत बसायचा, वडापाव खायचा. आणि आता, मी खुर्चीत असताना, तो रोज संध्याकाळी आरेत चालायला जाऊ लागला. परत आला की त्याच्या अंगाला घामाचा वास यायचा. माझ्या कामाचा, माझ्या आयुष्याचा वास, आणि तो दुसऱ्याच्या शर्टाला येत होता. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी फुटले. इतकी वर्षं सांगत होते तेव्हा गेला नाहीस, आताच बरे पाय फुटले तुला, मला दाखवायला जातोस का, असं बरंच काही बोलले. आई आतल्या खोलीत निघून गेली.

संदीप सहसा उलट बोलत नाही. त्या दिवशी बोलला. “परवा तुला बाथरूममध्ये उचलताना माझे हात थरथरले. तू पडली असतीस. तुला उचलायची ताकद हवी म्हणून जातो. तू तोंड फिरवलंस तरी जाणार.”

दोन दिवस आम्ही जेवढ्यास तेवढं बोललो. मग एका संध्याकाळी तो परत आल्यावर मी विचारलं, कुठपर्यंत गेलास. तो सांगायला लागला. तबेल्यांपर्यंत गेलो, पुढे रस्ता उकरलाय, म्हशी रस्त्यात बसल्या होत्या. मी ऐकत राहिले. जळत होते, पण ऐकत होते. पुढे रोज विचारायचे.

हे वाचणारं कोणी आत्ता खाटेवर असेल तर त्यांच्यासाठी एवढंच. घरातल्यांवर जळफळाट होणार आहे. ज्यांनी तुमच्यासाठी सगळ्यात जास्त केलं, त्यांच्यावर सगळ्यात जास्त होणार आहे. त्याने तुम्ही वाईट ठरत नाही. पण तो पोटात दाबून ठेवलात तर तो टोमणे बनून बाहेर येतो. त्यापेक्षा सरळ सांगून टाकलेला बरा. सांगितल्यावर लोक निघून जातील असं मला वाटायचं. कोणी गेलं नाही.


दर्शना

माझी सगळी बॅच दर्शना घेत होती. मीच सोपवली होती. दुसरं कोण होतं? बॅचच्या ग्रुपवर सारखे फोटो यायचे. आरेच्या रस्त्यावर पहाटेच्या उजेडात रांगेने धावणारी माझी माणसं, आणि पुढे दर्शना. मी ग्रुपचा आवाज बंद करून ठेवला होता आणि दिवसातून कितीतरी वेळा तो उघडून बघत होते. तिने सुरुवातीचे व्यायाम बदलले होते. नवीन चार जण आले होते. आजचं सेशन झकास, असं रोज कोणीतरी लिहायचं. एकाने मला मुद्दाम धीर द्यायला लिहिलं, ‘मॅडम, बिलकुल काळजी करू नका. दर्शना तुमची उणीव जाणवूच देत नाही.’

त्याचा हेतू शंभर टक्के चांगला होता. त्या दिवशी मी जेवले नाही.

अनघाच्या हाताखाली मी वॉकरवर आले होते. पावलं पुढून लटकायची, म्हणून बुटात प्लास्टिकचा आधार घालावा लागायचा. असं धडपडत दारापर्यंत जाऊन परत खुर्चीत बसले होते, तेव्हा एका दुपारी दर्शना आली. पंजाबी ड्रेस, ओढणी, हातात तिच्या आईने दिलेला बोंबलाच्या कालवणाचा डबा. ती इकडचं तिकडचं बोलली आणि मग मुद्द्यावर आली. कोकणातल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात एक मोठी ट्रायथलॉन होती, लांब पल्ल्याची. तिला उतरायचं होतं. तयारी मी करून घ्यावी अशी तिची इच्छा होती.

मी नाही म्हटलं. माझी तब्येत, माझे व्यायाम, दुसरा कोच बघ, नावं मी सुचवते. कारणं सगळी खरी होती आणि खरं कारण त्यात नव्हतं.

दर्शनाने ओढणी सारखी केली. मग म्हणाली, “ताई, एक बोलू? हॉस्पिटलात मी यायचे तेव्हा तू माझ्या पायांकडे बघायचीस. तोंडाकडे बघायचीच नाहीस. म्हणून मी शॉर्ट्समध्ये यायचं सोडलं. तलावावरून थेट आले की खाली रिक्षात बसून वरून सलवार चढवायचे.”

मला वाटलं होतं, हे फक्त मलाच माहीत आहे. नाकारण्यात अर्थ नव्हता.

“मला तुझा हेवा वाटतो,” मी म्हटलं. “तू दारातून आत आलीस की पोटात आग पडते. तुझी तयारी मी कशी करून घेऊ? तू पडावीस असंही कधी कधी वाटतं मला.”

मी एवढं बोलून गेले आणि तिच्याकडे बघायची हिंमत होईना. तिने डबा टेबलावर सरकवला.

“वाटू दे ना मग,” ती म्हणाली. “मी कुठे म्हणते वाटू देऊ नको? जळ तू. जळता जळता शिकव. मी दुसऱ्या कोणाकडे जाणार नाय.”

बाहेर आई कुकरच्या शिट्या मोजत होती. मग मी तिला चपला काढून गॅलरीत चालून दाखवायला सांगितलं. ती गेली, आली. पुन्हा जा म्हटलं. थकल्यावर तिचं उजवं पाऊल बाहेरच्या बाजूला पडायचं. हे मला आधीपासून माहीत होतं, कारण वॉर्डाच्या दारापासून माझ्या खाटेपर्यंत येणारे ते पाय मी रोज डोळे फाडून बघितले होते. इतकं बारीक मी तिला कोच म्हणून कधीच बघितलं नव्हतं.

“हे असंच ठेवलंस तर लांबच्या धावण्यात गुडघा बोलणार,” मी म्हटलं. “उद्यापासून ये. आणि शॉर्ट्समध्ये ये, मला काही दिसत नाही त्या सलवारीत.”


किनारा

महिनोन्‌महिने आम्ही तयारी केली. जुहूच्या वाळूत मी प्लास्टिकच्या खुर्चीत, गळ्यात शिट्टी, आणि ती पाण्यात. मी आधी कधी नव्हते इतकी कडक झाले होते. काही दिवस तिच्या भल्यासाठी, काही दिवस निव्वळ मत्सरापोटी. तिला फरक कळायचा. “आज तू जळतेस,” असं म्हणून ती पुन्हा पाण्यात शिरायची. इकडे वॉकर सुटून माझ्या हातात काठी आली.

शर्यतीच्या सकाळी संदीपने मला किनाऱ्यावर नेलं. स्पर्धक पाण्याच्या कडेला जमले होते, रंगीत टोप्या, हात फिरवणं. मला ते सगळं अंगभर माहीत होतं. भोंगा वाजला, सगळे समुद्रात घुसले, आणि मला तिथे उभं राहवेना. काठी टेकत मी पार्क केलेल्या गाड्यांमागे गेले आणि एका बोनेटला टेकून रडले. ते आनंदाचं रडणं नव्हतं. त्या पाण्यात मी नव्हते, एवढंच होतं ते.

संदीप शोधत आला. मी त्याला सांगितलं की मला या सगळ्यांचा राग येतोय, शेवटच्या नंबरवाल्याचासुद्धा. तो म्हणाला, येऊ दे, पण ती सायकलवर बसायच्या आत परत चल, तिने मान वळवून बघितलं तर तू दिसायला हवीस. आम्ही परत गेलो. तिने मान वळवून बघितलं. मी होते.

धावण्याच्या शेवटच्या टप्प्यात ऊन चढलं होतं. दर्शना वळणावरून आली तेव्हा तिचं उजवं पाऊल बाहेर पडत होतं. मी फक्त “उजवा” एवढंच ओरडले. तिने खांदे सोडले, पाऊल सरळ केलं आणि तशीच शेवटपर्यंत गेली.

मेडल गळ्यात घालून ती माझ्याजवळ येऊन वाळूत बसली. याच पल्ल्याची माझी एक जुनी वेळ होती, माझी सगळ्यात चांगली. ती तिला पाठ होती हे मला त्या क्षणी कळलं. दम गोळा करत तिने आधी माझी वेळ सांगितली, मग स्वतःची. माझ्यापेक्षा थोडी जास्त होती. माझी वेळ तिला मोडता आली नव्हती.

आणि मला गार वाटलं. अगदी आतून गार. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि वाळूत आडवी होऊन हसायला लागली.

“बघ, कशी खूश झालीस,” ती म्हणाली. “पुढच्या वर्षी मोडते.”

“मोडून दाखव,” मी म्हटलं.


तलाव

आल्यावर अनघाने मला पाण्यात उतरायची परवानगी दिली. अंधेरीच्या तलावावर बायकांची वेळ होती. संदीप बाहेर बाकावर बॅग घेऊन बसला. मी काठी भिंतीला लावली, बुटातला आधार काढला आणि शिडीचे दांडे घट्ट धरून एकेक पायरी उतरले. पाण्याने पाय उचलून धरले तेव्हा मी थोडा वेळ तशीच शिडीला धरून राहिले. इतक्या दिवसांनी त्यांचं ओझं मला वाहायचं नव्हतं.

मग निघाले. हात चांगले चालत होते. पाय मागे मागे येत होते, ओल्या टॉवेलसारखे. श्वास मात्र लांब होता, तो आता माझाच होता. अर्ध्यावर पोचले असेन, तेवढ्यात शेजारच्या लेनमधून एक काकू आल्या. झालरीचा पोहण्याचा पोशाख, डोकं पाण्याच्या वर, आणि मागून येणाऱ्या मैत्रिणीला सांगत होत्या की डोशाचं पीठ हिवाळ्यात आंबतच नाही. बोलता बोलता त्या मला मागे टाकून गेल्या.

मला त्या काकूंचा असा काही राग आला.

तोंड पाण्यात घातलं. उजवा पाय मारला. नीट लागला नाही. पुन्हा मारला. मग डावा. हात लांब टाकले, श्वास धरला आणि त्यांच्या झालरीवर नजर ठेवून ओढत राहिले. पलीकडच्या भिंतीला हात मी आधी लावला. काकू मागून आल्या, माझ्याकडे बघून ओळख नसताना हसल्या आणि मैत्रिणीची वाट बघत थांबल्या. शर्यत चालू होती, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.